न झालेल्या कुस्त्या

गामा आणि गणपतराव आंदळकर यांची जोड लागली असती, तर कोण पडलं असतं? कोल्हापुरात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. अमृतसरलाही ठरलेलंच आहे. फक्त नाव वेगळं. उज्जैनला मात्र वाद रंगतो. फ्रीगंजातल्या टावर चौकात, घड्याळाच्या मनोऱ्याभोवतीच्या संध्याकाळच्या गर्दीत, शिंदेशाहीपासून माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घरांतली माणसंही असतात. त्यांच्या एका कानावर सांगली-कोल्हापूरच्या मैदानांची वर्णनं पडलेली असतात आणि दुसऱ्या कानावर उत्तरेच्या दंगलींची. गामा तर त्यांना जवळचाच वाटतो. तो दतियाच्या दरबाराचा पहिलवान, आणि दतिया आजच्या मध्य प्रदेशातच आहे. आंदळकर सांगली जिल्ह्यातले, म्हणजे भाषेने घरचे. बाजू कुणाची घ्यायची, हे इथे आडनावावरून ठरत नाही. प्रस्तुत पुस्तक अशा गावात आकाराला आलं, हे बरं झालं. ते कोल्हापुरात लिहिलं गेलं असतं तर पहिल्याच पानावर निकाल लागला असता.

दोघांच्या काळात किती अंतर आहे ते आधी पाहावं. गामाचा जन्म १८७८चा, आंदळकरांचा १९३५चा. १९६० साली आंदळकर हिंदकेसरी झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात गामा लाहोरला वारला. एकाची कारकीर्द वर चढत असताना दुसऱ्याचं आयुष्य संपलं. तरीही ही जोड लोकांच्या मनात लागते, आणि तिच्यावरून वाद घालणारी माणसं शहाणीसुरती असतात.

याचं कारण कुस्तीच्या रीतीतच आहे. गावच्या जत्रेचं मैदान ज्याने पाहिलंय त्याला ठाऊक असतं की दुपारी हलगी वाजायला लागली की आधी जोडी लावल्या जातात. पोरं लंगोट कसून उभी राहतात. जाणती माणसं दोघांना शेजारी उभं करतात, मान, खांदा, मांडी नजरेने जोखतात, कोण कुठल्या तालमीचा, कुठल्या वस्तादाचा पठ्ठा ते विचारतात आणि हात वर करून जोड पुकारतात. वजनकाटा नसतो. जोड चुकली तर कुस्ती अर्ध्या मिनिटात संपते आणि लोक पोराला सोडून जोड लावणाऱ्याला नावं ठेवतात. म्हणजे न झालेल्या कुस्तीचा अंदाज बांधणं हे या खेळातलं रोजचं, जबाबदारीचं काम आहे. गामा आणि आंदळकरांना शेजारी उभं करणारा माणूस तेच काम पन्नास-साठ वर्षांच्या अंतरावरून करतो, इतकंच.

ही नजर जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात वय, बांधा, ताकद पाहून मल्लांच्या प्रती लावल्या आहेत. पेशवाईच्या अखेरीला दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी निजामाकडून आलेल्या पहिलवानांचं आव्हान स्वीकारलं आणि त्या तयारीतून मल्लखांब पुन्हा उभा राहिला, अशी परंपरा सांगते. त्यातलं दंतकथेचं माप किती हा वेगळा प्रश्न. पण मल्लखांब मात्र माळव्यात असा रुजला की मध्य प्रदेशाने २०१३ साली त्याला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं, आणि उज्जैन हे त्याचं एक मोठं ठिकाण आहे.

पुढे संस्थानं आली. बडोद्याचे गायकवाड, इंदूरचे होळकर, कोल्हापूरचे छत्रपती यांनी पहिलवान पदरी बाळगले, त्यांचे खुराक बांधून दिले. शाहू महाराजांनी युरोपच्या प्रवासात रोमची प्राचीन मैदानं पाहिली आणि कोल्हापूरला खासबाग उभं केलं. १९१२पासून ते कुस्त्या पाहत आलं आहे. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे खंड काढले. स्वातंत्र्यानंतर राजे गेले आणि त्यांच्या जागी परिषदा आल्या. हिंदकेसरी स्पर्धा सुरू झाली आणि १९५९ची गदा सीमाभागातल्या एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळ्यांनी मिळवली. १९६१ला औरंगाबादला महाराष्ट्र केसरी सुरू झाली. दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. दरबारी पहिलवानाची थोरवी राजाच्या मर्जीवर आणि मैदानातल्या गोष्टींवर टिकायची. केसरीच्या काळात ती यादीवर टिकू लागली. तुलना करणाऱ्यांचे पंथही इथूनच फुटले.

एक पंथ गदा मोजणाऱ्यांचा. त्यांच्या हिशेबाने नरसिंग यादव (२०११ ते २०१३) आणि विजय चौधरी (२०१४ ते २०१६) हे महाराष्ट्र केसरीच्या सलग तीन-तीन गदा मिळवणारे मल्ल दादू चौगुल्यांच्या वर बसतात, कारण चौगुल्यांच्या नावावर १९७० आणि १९७१ अशा दोनच. हिशेब सोपा आहे, आणि सोपा आहे म्हणूनच फसवा. महाराष्ट्र केसरीच्या यादीत आंदळकर नाहीत, मारुती माने नाहीत, खंचनाळे नाहीत. ऑलिंपिकचं पदक आणणारे खाशाबा जाधव तर असणं शक्यच नव्हतं. ज्या यादीतून ही चार नावं निसटतात ती यादी खोटी ठरत नाही. पण थोरवी मोजायला तेवढीच पट्टी हातात घेणाऱ्याने जरा थांबावं.

दुसरा पंथ साखळीवाल्यांचा. याने त्याला पाडलं, त्याने तिसऱ्याला, म्हणून पहिला तिसऱ्याहून मोठा. सत्तरच्या दशकात ही साखळी दिल्लीच्या सतपालभोवती गुंफली गेली. युवराज पाटलांनी सतपालला हरवलं, हरिश्चंद्र बिराजदारांनीही हरवलं, आणि त्या कुस्त्या महाराष्ट्रात अजून सांगितल्या जातात. पण १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत शंभर किलो गटाचं सुवर्ण सतपालच्या गळ्यात पडलं. साखळी ओढत गेलं की ती कुठेतरी स्वतःलाच गाठ मारते. शिवाय कुठल्या वयात कोण कुणाला भेटला हे ती सांगत नाही. १९१० साली लंडनला गामा आणि पोलंडचा झबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली. झबिस्को बहुतेक वेळ गादीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुन्हा लढायच्या ठरलेल्या दिवशी तो आलाच नाही. १९२८ला पतियाळात हेच दोघं पुन्हा भेटले आणि गामाने त्याला मिनिटाच्या आत पाडलं. तेव्हा दोघंही पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. यातली खरी कुस्ती कोणती मानायची?

तिसरा पंथ वस्तादांचा. त्यांना आकडे नकोत आणि साखळ्याही नकोत. ते डाव पाहतात. कोणाचा ढाक बिनतोड, कोणाची कलाजंग, कोणाचा घिस्सा, कोण खडाखडीतच समोरच्याचा दम काढतो, खाली गेल्यावर कोण किती टिकतो, हे त्यांचे प्रश्न. गामा-आंदळकर जोडीबद्दल वस्ताद माणूस विचारील की गामाच्या वेगाला आंदळकरांच्या उंचीचं आणि पल्ल्याचं उत्तर होतं का. गामा पावणेसहा फुटांच्या आतला होता, पण त्याने जवळजवळ सात फुटी रहीमबक्ष सुलतानीवालाशी पुन्हा पुन्हा झुंज घेतली आणि अखेर अलाहाबादला त्याच्यावर मात केली. म्हणजे उंच माणसाशी कसं लढायचं हे त्याला शिकवायची गरज नव्हती. अशा बोलण्यात रस आहे आणि शास्त्रही आहे. अडचण एवढीच की प्रत्येक वस्तादाला स्वतःच्या तालमीचाच डाव जगात भारी वाटतो.

चौथ्या, नव्या पंथाकडे यंत्र आहे. त्याचा नमुना मुष्टियुद्धात सापडतो. १९६७ साली अमेरिकेत मरे वॉरोनर नावाच्या निर्मात्याने वेगवेगळ्या काळातल्या सोळा वजनदार मुष्टियोद्ध्यांची माहिती एनसीआर कंपनीच्या संगणकात घातली आणि त्यातून निघालेल्या लढती रेडिओवर खऱ्यासारख्या ऐकवल्या. अंतिम लढतीत रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवलं. मुहम्मद अली मात्र जुन्या जमान्यातल्या जिम जेफ्रीजकडून हरला. अली चिडला आणि त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोड अशी निघाली की दहा हजार डॉलर घेऊन त्याने मार्सियानोबरोबर कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं. १९६९ला मायामीत चित्रीकरण झालं. निवृत्त मार्सियानोने वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला, दोघांनी वेगवेगळे शेवट करून दाखवले. चित्रपट १९७०च्या जानेवारीत लागला तेव्हा मार्सियानो हयात नव्हता. आदल्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात तो गेला होता. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत अलीला पडताना पाहिलं, आणि युरोपात अली जिंकणारा शेवट दाखवला गेला. प्रेक्षक पाहून निकाल बदलणारं यंत्र जत्रेतल्या पंचालाही लाजवील.

तरी मुष्टियुद्धवाल्यांचं नशीब थोर. त्यांच्याकडे शंभर वर्षांच्या फिल्मा आहेत, प्रत्येक लढतीची तारीख, वजन, फेऱ्या यांच्या नोंदी आहेत. गामाने लंडन गाजवलं त्याच १९१० साली रेनोला झालेली जॅक जॉन्सन आणि जेफ्रीज यांची लढत आजही डोळ्यांनी पाहता येते. गामाच्या त्या अडीच तासांचं वर्णन मात्र वर्तमानपत्रांतून वाचावं लागतं. खासबागेत पन्नास-साठच्या दशकात झालेल्या कितीतरी कुस्त्या ज्यांनी पाहिल्या त्यांच्या आठवणीपलीकडे उरलेल्या नाहीत. आणि आठवण वाढते. बडोद्याच्या संग्रहालयात एक शिळा आहे. ती गामाने १९०२ साली उचलली आणि तिचं वजन बाराशे किलो, असं सर्रास लिहिलं जातं. आज जगातले सगळ्यांत ताकदवान पुरुष, त्यासाठीच बनवलेली पोलादी दांडी जमिनीवरून कमरेपर्यंत उचलताना पाचशे किलोच्या जरासं पुढे जातात. बाराशे किलोची घडीव कडा नसलेली शिळा एका माणसाने छातीशी धरली, हे मानायला भक्ती लागते. गामाची थोरवी लंडन-पतियाळात सिद्ध झालेली आहे. तिला या दगडाची गरज नाही.

पुस्तकातल्या सगळ्या जोडींत विचाराला खरा कस लावणारी जोड वजनदारांची नाही. ती सत्तावन्न किलोंची आहे. १९५२, हेलसिंकी: साताऱ्याच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, कांस्यपदक. २०२४, पॅरिस: हरियाणाचा अमन सेहरावत, कांस्यपदक. दोघांमध्ये बहात्तर वर्षं, गट एकच. दोघांनाही वाटेत जपानचा मल्ल आडवा आला, खाशाबांना शोहाची इशिई आणि अमनला रेई हिगुची, आणि दोन्ही वेळा त्या जपान्याने पुढे सुवर्ण नेलं. अशी जुळणी कादंबरीकाराने केली असती तर वाचक हसले असते.

पण सत्तावन्न किलो म्हणजे तेव्हा आणि आता एकच गोष्ट नव्हे. उपांत्य कुस्तीनंतर अमनचं वजन साडेएकसष्ट किलोच्या आसपास गेलं होतं आणि कांस्याच्या कुस्तीआधी रात्रभर घाम गाळून त्याने साडेचार किलोंहून जास्त उतरवलं. गादीवर उतरणारा आजचा सत्तावन्न किलोंचा मल्ल एरवी त्याहून बराच मोठा असतो. त्याच्यामागे वैद्य, आहारतज्ज्ञ, प्रशिक्षक, पडद्यावर प्रतिस्पर्ध्याच्या कुस्त्या. खाशाबांच्या मागे कोण? कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर, ज्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीला इशिईशी झुंजून थकलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवसमोर उभं केलं गेलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता.

मग जोड कुठे लावायची? पॅरिसच्या गादीवर लावली तर खाशाबांना तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, वर्तुळाबाहेर पाऊल गेलं की गुण, दहा गुणांच्या आघाडीला कुस्ती खलास, हे सगळं नवं. मातीत निकाली लावली तर अमनच्या वेगवान पटाला लाल मातीत तसा पाय मिळेल का, आणि विसाव्या मिनिटाला त्याचा दम कुठे असेल? या पुस्तकाचं मर्म इथे आहे. कोण जिंकला असता हे विचारण्याआधी कुणाच्या आखाड्यात, कुणाच्या नियमांनी, कुणाच्या खुराकावर, हे ठरवलं पाहिजे. एकदा ते ठरवलं की पैजेचा प्रश्न इतिहासाचा होतो. लेखकाला अमन आणि खाशाबा यांच्यातला विजेता सापडतो की नाही ते वाचकाने पाहावं. पण त्या वाटेवर १९५२चा भारत आणि २०२४चा भारत कुस्तीवर काय खर्च करत होते, याचा लख्ख हिशेब त्याच्या हाती लागतो.

बायकांच्या कुस्तीबाबत हा हिशेब आणखी कडू आहे. हमीदा बानू १९५४ साली बडोद्याला पुरुष मल्लांना आव्हान देत उतरली. बडोदेकरांच्या आश्रयातल्या छोट्या गामाने बाईशी लढायला नकार दिला, आणि त्याच्या जागी आलेल्या बाबा पहिलवानाला तिने दीड मिनिटाच्या आसपास चीत केलं. तिची जोड तोलामोलाच्या बाईशी क्वचितच लागली, कारण तोलामोलाच्या बायका आखाड्यात येऊच दिल्या जात नव्हत्या. महाराष्ट्राची महिला केसरी २०२३ साली सांगलीला सुरू झाली, प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. हमीदाला कुणासमोर उभं करायचं, याचं उत्तर शोधताना तुलनेची सगळी हत्यारं बोथट होतात. लेखकाने ते प्रकरण आखडतं घेतलं आहे. ते दुप्पट लांब असतं तरी चाललं असतं.

असं पुस्तक आत्ताच का? मारुती माने २०१०ला गेले, बिराजदार २०११ला, आंदळकर २०१८ला, दादू चौगुले २०१९ला, खंचनाळे २०२०ला. दहा वर्षांत खासबागेचं एक युग उठून गेलं. त्यांना लढताना पाहिलेले प्रेक्षकही आता सत्तरी-ऐंशीत आहेत. दुसरीकडे महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन विभाग खेळवले जातात आणि त्यांचे विजेते शेवटी गादीवर भिडतात. म्हणजे दोन काळांची ही काल्पनिक झुंज दरवर्षी खरोखरच होते आणि तिची जागा आधीच ठरलेली असते. मातीतून आलेल्या पोराला परक्या आखाड्यात लढावं लागतं, याची तक्रार तालमींत ऐकू येते. ती पूर्ण खरी नाही, पूर्ण खोटीही नाही. ऑलिंपिकला माती नाही, तेव्हा गादी टाळून चालणार नाही. पण मातीवरची निकाली कुस्ती हा वेगळा खेळ होता, त्याची वेगळी थोरवी होती, हे मान्य केल्याशिवाय गामा किंवा आंदळकर समजत नाहीत.

म्हणून हे पुस्तक मानांकनाची यादी देत नाही. सर्वकालीन दहा पहिलवान शोधत कुणी पानं उलटील तर त्याची निराशा होईल. प्रत्येक लेखात एक जोड, आणि जोडीआधी तिच्या अटी: जागा, वेळ, वजन, पंच कोण. त्यानंतर दोघांच्या प्रत्यक्ष झालेल्या कुस्त्यांतून जेवढं खात्रीने सांगता येतं तेवढंच पुढे ओढलेलं. जिथे माहिती दंतकथेची आहे तिथे तसं म्हटलेलं आहे, आणि दंतकथा गाळलेल्या नाहीत, कारण त्या गाळल्या तर उज्जैनचा काय, कोल्हापूरचाही वाचक पुस्तक खाली ठेवील. लेखकाचा कल वस्तादांच्या पंथाकडे आहे आणि तो हे लपवत नाही. मारुती मान्यांबद्दल लिहिताना त्याची लेखणी जरा जास्तच नरम होते. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मुक्त शैलीत सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य आणणाऱ्या मल्लाच्या बाबतीत हा पक्षपात खपून जावा.

एक जोड मात्र या संग्रहात वेगळी आहे. तिच्यातले दोघंही एकाच काळातले, एकाच वजनाचे, आणि समोरासमोर येण्यात काळाची कुठलीच अडचण नव्हती: सुशीलकुमार आणि नरसिंग यादव. २०१५च्या लास व्हेगास जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवून नरसिंगने रिओसाठी चौऱ्याहत्तर किलोंची जागा भारताला मिळवून दिली होती. दोन ऑलिंपिक पदकं गाठीशी असलेल्या सुशीलने चाचणी कुस्तीची मागणी केली आणि तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जून २०१६मध्ये न्यायालयाने मागणी फेटाळली. ऑगस्टमध्ये क्रीडा लवादाने उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात नरसिंगवर चार वर्षांची बंदी घातली, आणि रिओला त्या गटात दोघांपैकी कुणीच उतरलं नाही. ही जोड लावताना लेखकाने मैदान निवडलं आहे खासबागेचं, माती लाल, वेळेचं बंधन नाही, आणि पंच म्हणून त्याने आंदळकरांना उभं केलं आहे.